सुजाता, ढेपेतलं विष आणि आपलं अर्ध्यावर राहिलेलं भांडण

सुजाता, तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "शहनाजताई, ताई गेली," तो म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठे?"

खरंच असं विचारलं मी. तू सारखी कुठे ना कुठे गेलेलीच असायचीस. ढाणकीच्या बाजारातून शेंगदाण्याचे नमुने आणायला, आर्णीच्या तेलघाण्यावर, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यात बाटली घेऊन. तुझा भाऊ फोन धरून होता, मागून तुझ्या मायचा आवाज येत होता, तो मी ओळखला, तरीही माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की ही न सांगता कशी गेली, दुपारी तर आपण बोललो. मग कुणीतरी फोन त्याच्या हातातून घेतला आणि मला नीट सांगितलं. नीट म्हणजे काय, तेच पुन्हा सांगितलं, फक्त त्यात दवाखान्याचं नाव होतं.

त्या दिवशी कॉलेजातून घरी आलीस, अंगणातल्या बाजेवर बसलीस, पाणी मागितलंस. पाणी येईपर्यंत आडवी झाली होतीस. बाभुळगावकडच्या तुमच्या गावाहून यवतमाळला आणेपर्यंत श्वास चालू होता. तपासणीही झाली. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. तिथली भिंत पातळ असणार, कदाचित जन्मापासूनच, आणि कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. "असं होतं कधी कधी," ते म्हणाले.

हे वाक्य तुला चाललं नसतं. विद्यार्थ्यांच्या वहीत "कधी कधी" दिसलं की तू लाल शाईनं गोल करून बाजूला लिहायचीस, "कधी? केव्हा?" मला डॉक्टरांना तेच विचारायचं होतं. कधी? केव्हा? ह्या बाईलाच काहून? पण त्यांच्या टेबलावर एक प्लास्टिकची कवटी होती, ती बघत राहिले.

आपली ओळख आठवतेय का तुला? आता तुला कसं विचारू, पण सवय जात नाही. यवतमाळच्या एकाच कॉलेजात तू रसायनशास्त्र शिकवायचीस आणि मी भौतिकशास्त्र, आणि दोन वर्षं आपण स्टाफरूममध्ये एकमेकींना फक्त नमस्कार करत होतो. मग एकदा तू माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस. "मॅडम, तुमच्याकडं जोरदार लोहचुंबक हाये का? आमच्याकडचं टाचणीसुद्धा उचलत नाही." आमच्याकडचंही उचलत नव्हतं. कॉलेजातली सगळी चुंबकं वर्षानुवर्षं मुलांच्या हातून पडून पडून मेलेली.

पुढच्या रविवारी आर्णीला माहेरी गेले तेव्हा अब्बांच्या गॅरेजमधून जुन्या स्पीकरची दोन जाड चुंबकं घेऊन आले. अब्बांनी ती एकमेकांपासून ओढून काढताना बोट चेमटून घेतलं. "बेटा, तेरी सहेली इसका करती क्या है?" मी म्हटलं, खाने की चीज में का जहर निकालती. अब्बा हसायला लागले. "फिर तो पूरा बाजार उसके पास भेजना पडेगा."

त्या सोमवारी तू मला ते पहिल्यांदा दाखवलंस. काचेच्या भांड्यात शाईसारखं काळं पाणी होतं. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया घातला की हे काळं तयार होतं, तू सांगितलंस, आणि त्यातला एकेक कण इतका बारीक असतो की एका केसाच्या जाडीत हजारो मावावेत. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण तू अब्बांचं चुंबक भांड्याच्या कडेला लावलंस आणि सगळा काळोख हळूहळू सरकत त्या बाजूला जाऊन चिकटला, उरलेलं पाणी स्वच्छ झालं, तेव्हा मी भौतिकशास्त्राची बाई आहे हे विसरून "या अल्ला" म्हणाले. तू मात्र कपाळावर आठ्या घालून बघत होतीस. "कडेले अजून थोडं गढूळ हाये," तू म्हणालीस.

कल्पना सोपी होती. ह्या कणांवर असा थर चढवायचा, की ओल्या शेंगदाण्यावर, सरकीवर धरणारी बुरशी जे विष सोडते आणि जे चाऱ्यातून दुधात उतरतं, ते त्याला येऊन चिकटेल. कण दुधात सोडायचे, ढवळायचे, मग चुंबकानं सगळे एका बाजूला गोळा करायचे. लिटरभर दुधात विखुरलेलं विष त्या चिमूटभर भुकटीवर जमा होतं. मग ती भुकटी थेंबभर स्पिरिटात धुवायची. विष त्या थेंबात उतरतं, आणि त्या थेंबावर जांभळा दिवा धरला की तो निळा चमकतो. जांभळा दिवा म्हणजे दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो. तू तो मेन लाइन बाजारातल्या एका दुकानातून आणला होतास आणि बुटांच्या खोक्याला भोक पाडून त्यात बसवला होतास. विद्यापीठाच्या पाहुण्यांसमोर ते खोकं ठेवायला मला लाज वाटायची, आणि तू मुद्दाम ते मधोमध ठेवायचीस.

मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात विषाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. कापसावर फवारणी करता करता माणसं चक्कर येऊन पडत होती, वॉर्ड भरले होते, स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या गावचं कुणीतरी तिथं होतं. तुझा चुलतभाऊसुद्धा. तो वाचला, पण कितीतरी दिवस त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. त्याला भेटून आलीस आणि म्हणालीस, "त्या जहराले वास तरी हाये, शहनाज. डब्यावर चित्र तरी हाये. ज्याले वासच नाही त्याचं काय करशील?" मला तेव्हा तुझा राग आला होता. माणसं मरतायत आणि हिला आपल्या बुरशीचं पडलंय, असं वाटलं.

बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली होती, आणि जी उरली ती वेचायच्या वेळी पाऊस लागून बसला. ओला कापूस घरात, ओट्यावर, मिळेल तिथं पडला. रुईचं काय झालं ते सगळ्यांनी बोलून दाखवलं, कारण तिचा भाव दिसत होता. आतल्या सरकीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. सरकी भिजली, तिला बुरशी लागली, तिचं तेल निघालं आणि उरलेली ढेप पोत्यात भरून स्वस्तात गावोगावी गेली. गाई-म्हशींनी ती खाल्ली. दुधाला फेस पूर्वीसारखाच यायचा, साय पूर्वीसारखीच धरायची.

तू वेगवेगळ्या गोठ्यांतून दुधाच्या बाटल्या आणल्यास त्या दिवशी मीही तिथं होते. बाटल्यांवर तू नावं नाही, फक्त खुणा केल्या होत्या. एक बाटली वेगळी ठेवली होतीस. "हे आमच्या घरचं. हे स्वच्छ हाये, ह्याच्याशी बाकीचे ताडून पाहू." दार लावलं, खिडकीवर चादर टाकली. तू एकेक थेंब त्या खोक्यात ठेवत गेलीस आणि मी भोकातून बघून सांगत गेले. काही नाही. काही नाही. किंचित, आहे की नाही कळत नाही. मग एक होता तो लख्ख निळा. मी म्हटलं, "हा बघ, हा चमकतोय." तू विचारलंस, "कोणता?" मी खूण सांगितली.

तू मला बाजूला करून स्वतः भोकाला डोळा लावलास आणि तशीच वाकून राहिलीस. मग म्हणालीस, "काचेची नळी घाण असंल." नवी नळी घेतली. पुन्हा निळं. तू दिवा बदललास, स्पिरिट बदललं, भुकटी नवी घेतली. प्रत्येक वेळी तेच. शेवटी स्टुलावर बसलीस आणि पदरानं हात पुसत राहिलीस, हात कोरडेच होते तरी. "माय म्हशीले साऱ्या गावात जास्त ढेप चारते," तू म्हणालीस. "स्वतः उपाशी राहीन पण म्हशीले कमी नाही पडू देत." मग एकदम उभी राहिलीस. "भाचीले सकाळी हेच पाजलं असंल."

दूध उकळून हे विष जात नाही. पोटात गेलं तर त्या दिवशी काहीच होत नाही, लगेच कुणी पडत नाही. वर्षानुवर्षं यकृताला लागत राहतं, आणि लहान मुलांना जास्त. हे तू मला आधी पन्नासदा सांगितलं होतंस, वर्गात फळ्यावर लिहिलं होतंस. पण त्या दुपारी तू कोट न काढताच स्कूटीकडे धावलीस.

नमुने नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या यंत्रानं तेच सांगितलं. मग आपलं पहिलं मोठं भांडण झालं, तेही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, समोसे थंड करत. मी म्हणाले, आधी मायला समजव, ढेप बदलून घे, गावात गुपचूप एकेकाला सांग. डेअरीवाल्यांनी ऐकलं तर गावाचं दूध घेणं बंद करतील. ह्या वर्षी कापूस गेलेला, घरात येणारा रोजचा पैसा तेवढाच उरलाय. तू म्हणालीस, "आणि गुपचूप सांगता सांगता जे पोट्टे पिऊन राह्यले, त्यांचं काय?" मी म्हणाले, "तुझी माय तुला घरात घेणार नाही." तू म्हणालीस, "घेईन. जेवाले देईन, बोलणार नाही."

तुझं बरोबर निघालं.

ग्रामपंचायतीसमोर लोक जमले होते. माय बायकांमध्ये पुढेच बसली होती, लेक भाषण करणार म्हणून चांगलं लुगडं नेसून. तू खोकं मांडलंस, दिवा लावलास आणि पहिलं वाक्यच म्हणालीस, "सगळ्यात जास्त जहर ज्या दुधात निंगालं, ते आमच्या घरचं हाये." मी मायच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला आधी कळलंच नाही. शेजारणीनं वळून तिच्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. मागून एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "थ्या सुजातानं बुद्धाले खीर देल्ली होती, अन् हे सुजाता दूध बंद करून राह्यली!" लोक हसले. माय उठली, पदर सारखा केला आणि घराकडे चालू लागली. तू तिच्या पाठीकडे बघत बोलत राहिलीस.  ढेप बदला, ओली ढेप चारू नका, पोतं जमिनीवर ठेवू नका, फळ्या टाका. गावातल्या कुणीच मान हलवली नाही.

डेअरीनं खरंच दूध घेणं थांबवलं. लोक तुला रस्त्यात बघून वळायला लागले. तू रोज स्कूटीवर यायचीस, शिकवायचीस, जायचीस. घरी माय ताट वाढायची आणि आत निघून जायची. हे तू मला हसत हसत सांगायचीस, आणि सांगून झालं की प्रयोगशाळेतल्या नळाखाली तोंड धुवायला जायचीस.

त्या म्हातारीनं पुढे जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. कुणाला न सांगता तिनं गोठ्यातली ढेपेची पोती ओढत शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेली आणि खड्ड्यात पुरली. तुझ्याशी बोलली नाहीच. म्हशीला कडबा आणि घरचा तुरीचा चुरा द्यायला लागली. दूध कमी झालं. मग एका सकाळी तू निघालेली असताना गोठ्यातून तिनं हाक मारली, "सुजे, नेतं का दूध तपासाले?" तू प्रयोगशाळेत आलीस तेव्हा ती बाटली छातीशी धरून आली होतीस. त्या थेंबात निळं काही नव्हतं. तू ते मला चार वेळा बघायला लावलंस. संध्याकाळी मायला सांगितलंस तेव्हा ती फक्त म्हणाली, "मले ठाऊकच होतं." पण दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका बाटल्या घेऊन तिच्याकडे यायला लागल्या, आणि तीच त्यांना दरडावायची, की ढेप वाळवली का? फोडून आतून पाह्यली का? हळूहळू डेअरीवालेही परत आले.

तिथं थांबली असतीस तर तू गावाची लाडकी झाली असतीस. पण तुला नुसतं शोधून समाधान नव्हतं. तुला ते काढायचंही होतं.

त्यासाठी तू पऱ्हाटी आणलीस. कापूस संपल्यावर शेतात उभी राहते ती, जिला लोक चुलीत घालतात नाहीतर बांधावर पेटवून देतात. पत्र्याच्या बंद डब्यात जाळून तिचा कोळसा केलास आणि त्याच्यावर तेच बारीक लोखंड बसवलंस. मला समजावताना म्हणालीस, "शोधायची भुकटी जहर धरते अन् सोडते. काढायची भुकटी धरते अन् सोडतच नाही." भिजलेल्या शेंगदाण्याचं तेल तू त्यातून काढलंस. चुंबक लावून काळं सगळं बाजूला ओढून घेतलंस, आणि उरलेलं तेल तपासलं तर दिव्याखाली जवळजवळ काही दिसेना. तू दोन्ही हात वर करून त्या छोट्या खोलीत गोल फिरलीस. चाळिशीतली बाई, पांढरा कोट, हात कोपरापर्यंत कोळशानं काळे. तुझा तो चेहरा मी गेले काही दिवस आठवायचा प्रयत्न करतेय आणि प्रत्येक वेळी मला दवाखान्यातला आठवतो.

मग आर्णीचा तो तेलघाणीवाला आला. माणूस वाईट नव्हता, हे मीही मान्य केलं होतं. दोन्ही हात जोडून बसला. "मॅडम, माहा माल पावसानं भिजला. फेकाव लागते. तुमची भुकटी भेटली तं माल वाचते, मानसंही वाचतात." तू त्याला नाही म्हणाली नाहीस. "पाहू," म्हणालीस. आणि तो गेल्यावर आपण भांडायला लागलो, ते थांबलोच नाही.

मी म्हणाले, "तुझी भुकटी बाजारात गेली की कुजका माल कुणी फेकणारच नाही. स्वस्तात घेतील, तुझ्या चुंबकानं धुतील, चांगला म्हणून विकतील. आज निदान सडलेलं बघून माणूस कचरतो."

तू म्हणालीस, "कचरते? कोन कचरते? आताही विकूनच राह्यले. धुतल्याबिगर विकून राह्यले."

"आणि तेलात तुझं लोखंड किती उरतं? ते पोटात गेलं तर?"

"मोजून राह्यली ना मी ते."

"मोजून होईपर्यंत त्याला पाहू कशाला म्हणालीस?"

"कारण त्याच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही मले. शहनाज, नुसतं जहर हाये म्हणून सांगणं सोपं हाये. माह्या गावाले मी तेच सांगतलं. ढेप फेका म्हणलं. मायनं फेकली, तिच्याजवळ दोन पोते होते. ज्याच्या घरात सारा माल भिजला त्याले मी काय सांगू? आजाराचं नाव सांगून घरी धाडू?"

हे मी आता लिहिताना तुझं म्हणणं मला जास्त चांगलं आठवतंय, माझं कमी. स्टाफरूममध्ये, पार्किंगमध्ये, परीक्षेच्या सुपरव्हिजनला दोघी एका हॉलवर आलो तेव्हा कुजबुजत, सगळीकडे आपण हेच बोललो. तू माझ्या घरी ईदला आलीस तेव्हा शीरखुर्मा खातानाही. आर्णीहून आलेली अम्मी म्हणाली, "दोनों पागल हो गईं."

त्या शेवटच्या दिवशी दुपारी तू पार्किंगमध्ये स्कूटी काढत होतीस. मी व्हरांड्यातून ओरडले, "तेलघाणीवाल्याला नाही म्हणून कळवलंस का?" तू हेल्मेट आधीच घातलं होतंस. काच वर न करता तू काहीतरी म्हणालीस. लांबलचक होतं, एका शब्दाचं नव्हतं. बोलताना तुझा हात हवेत वर-खाली झाला, तू काही मुद्दा मांडतेस तेव्हा होतो तसा. बाजूला जनरेटर चालू होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हातानं "नंतर" अशी खूण केली. तू मान हलवलीस आणि गेलीस.

काय म्हणालीस, सुजाता? काही ठरवलं होतंस का? माझं पटलं होतं, की नवीन मुद्दा सापडला होता? की तुझं डोकं दुखतंय असं काही म्हणाली होतीस? हा शेवटचा विचार मला पहाटे जागं करतो. मग मी स्वतःला सांगते, की डोकं दुखत असतं तर हात तसा हलला नसता. तो भांडणाचाच हात होता.

परवा तुझ्या गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. मी शेवटच्या रांगेत बसले होते. तुझ्या विद्यार्थ्यांनी बोलायचं ठरवलं होतं, पण एकालाही पूर्ण बोलता आलं नाही. जेवणाच्या पंगतीत माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "दिवसभर त्या जहरातच हात राहे बाईचे. त्यानंच गेली असंल." दुसरा म्हणाला, "थे काळं लोखंड नाकातोंडातून जाते म्हणे डोक्यात." मी उठून उभी राहिले. माझ्या हातात वरणाची वाटी होती. मी म्हणाले, "डॉक्टरांचा कागद पाहायचाय का? तिची नस जन्मापासून पातळ होती. तिनं तुमच्या पोरांच्या दुधातलं विष काढलं, ते डोक्यात नाही गेलं तिच्या." फार मोठ्यानं बोलले.  माय दारात उभी होती, तिनं ऐकलं.  मी वाटी खाली ठेवली आणि निघून आले. यवतमाळपर्यंत एसटीत उभ्यानं आले, कुणी जागा दिली तरी बसवलं नाही.

आणि मग काल माय कॉलेजात आली. एकटी, एसटीनं. इतक्या वर्षांत ती कधी तुझ्या प्रयोगशाळेत आली नव्हती. शिपायानं माझ्याकडे आणून सोडलं. मी खुर्ची दिली, बसली नाही. तुझ्या टेबलाकडे बघत उभी राहिली. ते तुझं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं ओळखलं.

"पोरी, खरं सांग," ती म्हणाली. "त्या काळ्या भुकटीनं गेली का माही लेक?"

मला लगेच "नाही" म्हणायचं होतं. पण तुझ्या मायला तुझ्याच प्रयोगशाळेत उभं राहून मी अर्धवट कसं सांगणार? म्हणून जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सांगितलं. डॉक्टरांनी फोटोत काय पाहिलं ते सांगितलं. अशी नस गवंडीकाम करणाऱ्याचीही फुटते, घरी बसणाऱ्याचीही. तू हातमोजे घालायचीस, तोंडाला बांधायचीस, विष ठेवायचं कपाट वेगळं होतं, ते उघडून दाखवलं. "भुकटीनं नाही गेली, मावशी. कायनं गेली याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं तेवढंच आहे. काहून गेली, ते कुणालाच नाही माहीत."

ती कपाटापासून सगळ्या खोलीभर बघत गेली. खिडकीवरची चादर तशीच होती, दिव्याचा प्लग काढलेला, भांडी पालथी. तू गेल्यापासून त्या खोलीत कुणी काही केलं नव्हतं. मीच कुलूप लावून चावी माझ्या पर्समध्ये ठेवली होती.

"मंग हे सारं बंद काहून हाये?" तिनं विचारलं.

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. खांद्यावरची पिशवी उतरवली आणि टेबलावर एकेक बाटली मांडायला लागली. गावातल्या बायकांनी दिलेल्या होत्या, चिंधीची बुचं लावलेल्या. यंदाची नवी ढेप आलीय, ती म्हणाली, साऱ्यांनी आधी तपासून पाहिजे म्हटलं. "म्या म्हणलं, सुजी नाही तं तिची मैत्रीण हाये." मग ती पहिल्यांदा रडली. उभ्याउभ्या, टेबलाची कड धरून, एक हात बाटल्या पडू नयेत म्हणून त्यांच्यासमोर आडवा धरून. मी तिला धरलं. आम्ही दोघी किती वेळ तशा होतो कोण जाणे, बाहेर तास बदलल्याची घंटा झाली.

बाटल्या मी तपासल्या. माझा हात तुझ्यासारखा नाही, दोन नळ्या फुटल्या. सगळ्या स्वच्छ निघाल्या. एकीबद्दल मला शंका होती म्हणून ती पुन्हा केली, तीही स्वच्छ. मायला स्टँडवर सोडताना सांगितलं तर ती म्हणाली, "महिन्यानं पुन्हा आणतो." जणू तू नुसती रजेवर आहेस.

तेलघाणीवाल्याचाही फोन येऊन गेला. आधी तुझ्याबद्दल बोलला, खरोखर हळहळून बोलला. मग थांबला. मला माहीत होतं पुढे काय येणार. मी त्याला सांगितलं की भुकटी देणार नाही. माल घ्यायच्या आधी मूठभर पाठवत जा, तपासून देऊ, त्याचं काही घेणार नाही. तो म्हणाला, "अन् जो भिजूनच बसला त्याचं?" तुझाच प्रश्न. तुझ्याच शब्दांत. मी म्हणाले, त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी तुझ्या टेबलाशी बसून आहे. भुकटीतून काढलेल्या तेलाच्या बाटल्या तू ओळीनं लावून ठेवल्यास, त्यात लोखंड किती उरलंय हे मोजायचं काम तू निम्म्यावर सोडलंयस. उरलेलं मी करायला घेतलंय. हे रसायनशास्त्राचं काम आहे, मला नीट येत नाही, तुझ्या एम.एस्सी.च्या मुलींना विचारत विचारत करतेय. ते जर फार निघालं तर माझं खरं ठरेल. काहीच नाही निघालं तर तुझ्या बाजूनं एक मोठा मुद्दा होईल, आणि मला पहिल्यापासून सगळं पुन्हा भांडावं लागेल.

पहिल्या तीन बाटल्यांत काही निघालेलं नाही, सुजाता. आता बोल ना.